‘ई-एम-एफ’ : एक अल्पायुषी मोटारगाडी आणि तिचे नाव

१९११ साली अमेरिकेत सर्वांत अधिक मोटारगाड्या फोर्डच्या कारखान्यातून बाहेर पडल्या, हे कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. त्या वर्षी दुसरा क्रमांक कोणाचा होता असे विचारले, तर मात्र मोटारींचा अभ्यास असलेला मनुष्यही क्षणभर थांबतो. तो क्रमांक ‘ई-एम-एफ’ या गाडीचा आणि तिच्याच कारखान्यात तयार होणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीचा होता. फोर्डच्या सुमारे ७०,००० गाड्यांसमोर या दोघींची मिळून संख्या २६,००० च्या वर गेली होती. पुढे दोनच वर्षांनी, म्हणजे १९१३ सालच्या नव्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा, त्यांपैकी एकीवरही ही तीन अक्षरे नव्हती. कारखाना चालू होता, यंत्रे चालू होती, कामगारही बहुतांशी तेच होते. नाव तेवढे नाहीसे झाले होते.

आज हे नाव ज्यांना माहीत आहे त्यांना ते बहुधा एका थट्टेमुळे माहीत असते. ई, एम, एफ या अक्षरांचा विस्तार लोकांनी आपापल्या परीने केला. ‘एव्हरी मॉर्निंग फिक्स-इट’, म्हणजे रोज सकाळी उठून दुरुस्त करा. ‘एव्हरी मेकॅनिकल फॉल्ट’, म्हणजे यंत्रात जो जो दोष संभवतो तो तो येथे हजर. ‘इटर्नली मिसिंग फायर’, म्हणजे इंजिनातला जाळ सदाचाच चुकलेला. मोटारींच्या इतिहासावरील लोकप्रिय पुस्तकांत ही वाक्ये हमखास येतात, आणि त्यांच्यामागोमाग गाडी फारशी विश्वासार्ह नव्हती असा निष्कर्षही येतो. या निष्कर्षाविषयीच प्रस्तुत लेखकाला शंका आहे. थट्टा हा भाषिक पुरावा आहे यात संशय नाही. पण तो नेमका कशाचा पुरावा आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

प्रथम ही अक्षरे कोणाची, ते पाहू. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती पाहताच विद्युत्-चालक बल आठवेल, आणि ही विजेवर चालणारी गाडी असावी असा त्याचा ग्रह होईल. तसे काही नाही. गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरांची, ३० अश्वशक्तीची होती, म्हणून तिचे पूर्ण नाव ‘ई-एम-एफ ३०’ असे पडले. अक्षरे तीन भागीदारांच्या आडनावांची होती : एव्हरिट, मेट्झगर आणि फ्लँडर्स.

बार्नी एव्हरिट हा मूळचा कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातला. बग्ग्या बांधण्याच्या कामात त्याचा हात तयार झाला होता, आणि डेट्रॉइट शहरात तो मोटारगाड्यांचे सांगाडे बनवून देत असे. विल्यम मेट्झगर हा विक्रेता होता. मोटारगाड्यांचे दुकान म्हणजे काय, याची कल्पना लोकांना नव्हती त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्याने डेट्रॉइटमध्ये तसे दुकान थाटले. पुढे तो कॅडिलॅक कंपनीत गेला, आणि १९०३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने एकट्या त्या गाडीच्या २,००० हून अधिक मागण्या नोंदवून घेतल्या. वॉल्टर फ्लँडर्स व्हर्माँट राज्यातला. हा यंत्रांचा माणूस. धातू कापणारी, कातणारी यंत्रे विकता विकता ती कारखान्यात कशी मांडावीत याचे ज्ञान त्याने मिळवले. १९०६ साली हेन्री फोर्डने त्याला आपल्या कारखान्याच्या उत्पादनाची सूत्रे दिली. एकाच जातीची सगळी यंत्रे एका दालनात ठेवण्याची त्या वेळची रीत मोडून, ज्या क्रमाने भागावर काम व्हायचे त्या क्रमाने यंत्रे लावण्याची पद्धत फ्लँडर्सने फोर्डच्या कारखान्यात रुजवली. सरकत्या पट्ट्याची जुळणी फोर्डकडे १९१३ साली आली. पण ती ज्या शिस्तीवर उभी राहिली त्या शिस्तीचा बराचसा भाग फ्लँडर्सच्या दोन वर्षांत घातला गेला. फोर्डच्या चरित्रांत त्याला मिळणारी जागा या कामाच्या मानाने फारच थोडी आहे, असे माझे मत आहे.

१९०८ च्या वसंतात फ्लँडर्सने फोर्डची नोकरी सोडली आणि येताना आपले दोन जाणते सहकारीही बरोबर आणले. त्याच वर्षी डेट्रॉइटमधील ‘वेन’ आणि ‘नॉर्दर्न’ या दोन लहान मोटार कंपन्या एकत्र करून नवी कंपनी उभी करण्यात आली. वेनमध्ये एव्हरिटचा हात होता, नॉर्दर्नमध्ये मेट्झगरचा. गाडीचा आराखडा वेनचा अभियंता विल्यम केली याचा. किंमत १,२५० डॉलर ठरली. फोर्डची ‘मॉडेल टी’ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८५० डॉलरला बाजारात आली; तेव्हा ई-एम-एफ ही गरिबाची गाडी नव्हे, पण श्रीमंताचीही नव्हे. डॉक्टर, दुकानदार, बऱ्यापैकी शेतकरी असा तिचा ग्राहक होता. सांगाडा बांधणारा, विकणारा आणि कारखाना चालवणारा असे तिघे एकत्र आले होते, आणि त्यांनी आपल्या तिघांचीही अक्षरे समान मापाने, मध्ये जोडरेघा देऊन, गाडीवर घातली.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आद्याक्षरांनी बनलेली नावे दोन प्रकारची असतात. काहींतील अक्षरे एकमेकांत मिसळून त्यांचा एक शब्द होतो आणि तो शब्दासारखाच उच्चारला जातो. रॅन्सम ई. ओल्ड्स या गृहस्थाने १९०४ साली स्वतःच स्थापलेली कंपनी सोडली, तेव्हा त्याचे आडनाव जुन्या कंपनीकडेच राहिले. म्हणून नव्या कंपनीला त्याने आपली आद्याक्षरे दिली. त्या आर-ई-ओ चे लोकांनी ‘रिओ’ केले, आणि ‘रिओ’ हा पुढे तीसएक वर्षे एक सरळ शब्द म्हणून नांदला. दुसऱ्या प्रकारात अक्षरे सुटी राहतात आणि प्रत्येक अक्षर आपल्या नावानिशी उच्चारले जाते. ई-एम-एफ या दुसऱ्या वर्गातले. शेवटी म आणि फ ही दोन ओष्ठांची व्यंजने लागोपाठ आल्यामुळे इंग्रजी कानाला त्यातून चांगला शब्द घडत नाही. शिवाय ई, एम, एफ या तिन्ही अक्षरनावांचा आरंभ पुढच्या स्वराने होतो; त्यामुळे सुटे उच्चारताना त्यांना एक लय येते आणि ती लय सोडवत नाही.

सुट्या राहिलेल्या आद्याक्षरांचे एक वैशिष्ट्य असे की ती ऐकणाराला सतत विचारीत असतात : आम्ही कशाची? ‘रिओ’ हा शब्द तसे विचारीत नाही. आपल्याकडे ‘एस. टी.’ ची खेड्यापाड्यांत ‘यष्टी’ झाली. ती झाल्यानंतर तिचा विस्तार काय, असा प्रश्न कोणा उतारूच्या मनात आला असेल असे वाटत नाही. नाव मिसळून एकजीव झाले की ते केवळ वस्तूकडे बोट दाखवते. सुटी अक्षरे मात्र पोकळ जागा उघड्या ठेवतात, आणि मूळ माणसे जिथे सर्वांना ठाऊक नसतात तिथे त्या जागा भरण्याचा अधिकार लोक आपल्याकडे घेतात. ही प्रवृत्ती आधुनिक नाही. यास्काच्या निरुक्तात शाकपूणीचे मत दिले आहे की ‘अग्नि’ हा शब्द तीन धातूंपासून झाला. एकापासून अ, दुसऱ्यापासून ग, तिसऱ्यापासून नि. शब्दाचे अवयव सुटे करून प्रत्येकामागे एकेक क्रिया उभी करायची, आणि त्या सर्व क्रिया वस्तूला लागू पडतात हे दाखवायचे, ही शाकपूणीची रीत. ‘रोज सकाळी दुरुस्त करा’ म्हणणारा अमेरिकन रीत तीच वापरतो. फरक हेतूचा आहे. एकाला देवतेचे स्वरूप सांगायचे आहे, दुसऱ्याला शेजाऱ्याच्या गाडीची टिंगल करायची आहे.

आता या विस्तारांची शब्दरचना पाहावी. पहिले अक्षर ‘ई’ असल्यामुळे ‘एव्हरी’ हा शब्द हाताशी येतो. इंग्रजीत ‘प्रत्येक’ या अर्थाच्या या शब्दाने आरंभ केला की पुढे काहीही आले तरी त्याला नित्यत्वाचा आणि अतिशयोक्तीचा रंग चढतो. ‘एम’ ने ‘मॉर्निंग’, ‘मेकॅनिकल’, ‘मिसिंग’ हे शब्द दिले. त्यांतला मधला तर यंत्राचाच. ‘एफ’ ने ‘फिक्स’, ‘फॉल्ट’, ‘फायर’ दिले. म्हणजे इंग्रजी शब्दकोशात या तीन अक्षरांखाली बिघाडाची सामग्री आयती साठवलेली होती, आणि आरोप कोणता करायचा हे गाडीने जितके ठरवले त्याहून अधिक अक्षरांनी ठरवले. हे तपासण्याचा एक सोपा उपाय आहे. भागीदारांनी आडनावे वर्णक्रमाने लावली असती तर नाव ‘ई-एफ-एम’ झाले असते. वयाच्या क्रमाने लावली असती तर मेट्झगर वडील, फ्लँडर्स मधला आणि एव्हरिट धाकटा, म्हणून ‘एम-एफ-ई’. या दोन्ही क्रमांत ‘रोज सकाळी दुरुस्त करा’ हे वाक्य उभेच राहत नाही. (प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘एम-एफ-ई’ मध्ये ‘मिसिंग फायर इटर्नली’ जमले असते, एवढी एक थट्टा वयाचा मान राखूनही टिकली असती.) अशी थट्टा ही साच्यातून निघणारी वस्तू आहे. अशाच साच्यातून पुढे फोर्डच्या चार अक्षरांचा ‘फिक्स ऑर रिपेअर डेली’ असा विस्तार निघाला. इटलीच्या फियाटच्या चार अक्षरांतून ‘फिक्स इट अगेन, टोनी’ निघाले. दुरुस्तीवाचक ‘फिक्स’ हा शब्द इंग्रजीत ‘एफ’ ने सुरू होतो याबद्दल या तिन्ही गाड्यांना सारखाच दोष द्यावा लागेल.

याचा अर्थ आरंभीच्या ई-एम-एफ गाड्यांत काही उणे नव्हते असा नाही. उणे होते, आणि ते नेमके सांगता येते. पहिल्या गाड्यांत इंजिन थंड राखण्यासाठी पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते व थंड पाणी खाली येते, या तत्त्वावर ते खेळवले होते. ते पुरे पडेना, इंजिने तापू लागली. तेव्हा पाण्याचा पंप घालण्यात आला, आणि ग्राहकांच्या हाती गेलेल्या गाड्याही कंपनीने आपल्या खर्चाने सुधारून दिल्या. थट्टेच्या इतिहासात ही गोष्ट सहसा येत नाही. गंमत अशी की त्याच सुमारास फोर्डचा प्रवास उलट दिशेने चालला होता. ‘मॉडेल टी’ च्या पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांत पंप होता. नंतर तो काढून तीच आपोआप पाणी खेळवणारी रचना घेण्यात आली आणि पुढे ती वर्षानुवर्षे टिकली. तत्त्व वाईट नव्हते. एका इंजिनाच्या मापाला ते पुरले, दुसऱ्याच्या पुरले नाही.

दुसरी तक्रार गियरपेटीची. ई-एम-एफ मध्ये ती इंजिनाला लागून नव्हती; मागच्या आसाशी एकत्र बसवलेली होती. त्यामुळे कमानींच्या आधाराशिवाय राहणारे वजन वाढते आणि खडबडीत रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट गियरांना बसतो. त्या काळच्या अमेरिकेत शहराबाहेर पडले की रस्ता म्हणजे वाळल्यावर धूळ आणि भिजल्यावर चिखल. तेव्हा तक्रारी आल्या असल्या तर नवल नाही. तथापि हीच रचना त्या वर्षांत पॅकार्डसारखी अत्यंत महागडी गाडीही वापरीत होती, आणि पॅकार्डच्या नावाने अशी वाक्ये प्रचारात आल्याचे माझ्या वाचनात नाही. पॅकार्ड हे एका कुटुंबाचे आडनाव होते. त्यात भरण्यासारख्या पोकळ जागा नव्हत्या.

आणि सर्वांत मोठा प्रतिपुरावा विक्रीचा आहे. लोक हसत होते, आणि घेतही होते. १९०९ साली ८,००० च्या आत असलेला आकडा १९१० साली १५,००० वर गेला, आणि १९११ चा आकडा वर दिलाच आहे. गाडी रोज सकाळी दुरुस्त करावी लागत असती, तर ज्या देशात शंभराहून अधिक नावांच्या गाड्या एकमेकींशी झुंजत होत्या तिथे तिने सलग तीन वर्षे अशी चढती कमान राखली नसती.

मग नाव गेले कशाने? थट्टेने गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु कागदपत्रांची संगती वेगळी आहे. नाव गेले ते मालकीच्या वादात.

गाड्या बनवणे आणि त्या देशभर विकणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. ई-एम-एफ कंपनीकडे दुसरीसाठी पुरेशी दुकाने नव्हती. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर बंधूंकडे ती होती. १८५२ पासून हे घराणे घोड्यांच्या गाड्या बनवीत होते, आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यापर्यंत त्यांचा अडत्या पोहोचलेला होता. विजेच्या गाड्या त्यांनी १९०२ पासून करून पाहिल्या, पेट्रोलच्या गाड्या ओहायोतल्या एका कारखान्याकडून सांगाडे घेऊन केल्या. पण स्वस्त गाडी मोठ्या संख्येने करण्याची विद्या त्यांच्यापाशी नव्हती. १९०८ साली दोघांचा करार झाला. आरंभी ई-एम-एफच्या उत्पादनाचा एक हिस्सा स्टुडबेकरच्या दुकानांतून विकायचा होता. वर्ष लोटते न लोटते तोच सगळेच उत्पादन त्यांच्या हाती देण्याचा विचार पुढे आला. एव्हरिट आणि मेट्झगर यांना तो रुचला नाही. विशेषतः मेट्झगरला, कारण विक्री हेच ज्याचे जीवित त्याच्यापाशी विकायला काही उरणार नव्हते. १९०९ साली दोघांनी आपले हिस्से स्टुडबेकरला विकले आणि ते बाहेर पडले.

येथून पुढे नाव आणि नामधारी यांचा जो घोळ झाला तो विशेषनामांच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखा आहे. ई-एम-एफ कंपनीत आता एफ तेवढा राहिला. ई आणि एम यांनी लगोलग दुसरी कंपनी काढली. तिचे नाव ‘मेट्झगर मोटार कार कंपनी’, आणि तिने बनवलेल्या गाडीचे नाव ‘एव्हरिट ३०’. तिचाही अभियंता विल्यम केलीच. इकडे फ्लँडर्सने डेट्रॉइटमधला आणखी एक कारखाना विकत घेऊन, फोर्डशी टक्कर देण्यासाठी, ७५० डॉलरची एक लहान गाडी काढली. ती ‘फ्लँडर्स २०’. लेखाच्या आरंभी जिला धाकटी बहीण म्हटले ती हीच. म्हणजे १९१० साली डेट्रॉइटच्या बाजारात एव्हरिट, मेट्झगर आणि फ्लँडर्स ही तिन्ही नावे पूर्ण रूपात, पण परस्परांविरुद्ध उभी होती. आणि त्याच तिघांची आद्याक्षरे एका चौथ्याच वस्तूवर एकत्र नांदत होती. त्या आद्याक्षरांची व्युत्पत्ती खरी होती, पण तिचा सद्यःस्थितीशी संबंध तुटलेला होता. शब्दांच्या बाबतीत हे नित्याचेच आहे. ‘तेल’ हे तिळाचे म्हणून तेल, तरी आपण शेंगदाण्याचे तेल सुखाने म्हणतो. माणसांच्या नावांच्या बाबतीत मात्र ही स्थिती सुखाची नसते. तिथे वकील येतात.

तसे ते आले. १९०९ च्या डिसेंबरात फ्लँडर्सने, स्टुडबेकरने करार नीट पाळला नाही असे म्हणून, तो मोडल्याचे जाहीर केले. प्रकरण न्यायालयात गेले. शेवटी १९१० च्या मार्चमध्ये मॉर्गन यांच्या पेढीच्या पैशाच्या बळावर स्टुडबेकरने कंपनी विकत घेऊनच टाकली. व्यवहार काही दशलक्ष डॉलरांचा होता. फ्लँडर्स कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून पगारावर राहिला. १९११ साली ‘स्टुडबेकर कॉर्पोरेशन’ स्थापन झाले. ज्या घराण्याचे आडनाव साठ वर्षे शेतकऱ्याच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्यांच्या पाटीवर होते, त्याने तीन परक्या माणसांची अक्षरे आपल्या मालावर किती दिवस वागवावीत? स्टुडबेकर हेही मुळात एक जर्मन नाव, अमेरिकन तोंडात घासून गुळगुळीत झालेले. त्याचा अर्थ ग्राहकाला ठाऊक नव्हता आणि तो त्याने कधी विचारलाही नाही. १९१२ साली फ्लँडर्सही बाहेर पडला, आणि १९१३ च्या गाड्या केवळ ‘स्टुडबेकर’ म्हणून विकल्या गेल्या. थट्टेने नाव बदलण्यास हातभार लावला असेल. परंतु थट्टा मुळीच झाली नसती तरी ते राहिले असते असे मला वाटत नाही. स्टुडबेकरला मात्र ही खरेदी लाभली. घोडागाड्यांचे बहुतेक मोठे कारखानदार मोटारींच्या लाटेत बुडाले. हे घराणे तरले, आणि साउथ बेंडमध्ये १९६३ च्या डिसेंबरापर्यंत व त्यानंतर कॅनडातील हॅमिल्टनमध्ये १९६६ पर्यंत त्यांच्या गाड्या बनत राहिल्या.

तिघांचे पुढे काय झाले ते थोडक्यात. १९१२ साली फ्लँडर्स आपल्या जुन्या भागीदारांकडे परतला आणि मेट्झगर कंपनीचे नाव ‘फ्लँडर्स मोटार कंपनी’ झाले. लगेच एका बुडीत निघालेल्या मोठ्या मोटारसंघाची फेररचना करण्यासाठी त्याला बोलावणे आले. आपली कंपनीही घ्यावी, अशी अट घालून तो गेला. त्या फेररचनेतून ‘मॅक्सवेल’ कंपनी उभी राहिली, आणि मॅक्सवेलचेच १९२५ साली ‘क्रायस्लर’ झाले. १९२१ साली तिघे पुन्हा एकदा एका कंपनीत एकत्र आले. या वेळी त्यांनी आपले एकही अक्षर गाडीवर घातले नाही. पहिल्या महायुद्धात नावाजलेला वैमानिक एडी रिकनबॅकर याचे नाव तिला दिले. ती गाडी १९२७ पर्यंत चालली. त्याआधीच, १९२३ साली, फ्लँडर्स मोटारीच्या अपघातात दगावला होता.

डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवर फोर्डचा जुना कारखाना, ज्यात पहिल्या ‘मॉडेल टी’ तयार झाल्या, आणि ई-एम-एफचा कारखाना हे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते. फोर्डने आपला कारखाना हायलँड पार्कला हलवला तेव्हा रिकामी झालेली ती इमारत १९११ साली स्टुडबेकरनेच घेतली, आणि दोन्ही इमारती काही काळ एकाच मालकाच्या झाल्या. फोर्डची इमारत आता संग्रहालय म्हणून जतन केलेली आहे. ई-एम-एफची इमारत पुढे मांसाच्या एका बाजाराकडे गेली, आणि २००५ च्या जूनमध्ये आग लागून ती नष्ट झाली.